ओळखपत्र कपाटात की खिशात? हात वर करण्याआधी

आमच्या गल्लीच्या गणपतीत दरवर्षी एका संध्याकाळी आरतीनंतर चर्चा ठेवतात. यंदाचा विषय मुलांनीच निवडला आहे: 'प्रत्येक नागरिकावर राष्ट्रीय ओळखपत्र सतत जवळ बाळगण्याची सक्ती असावी का?' शेवटी हात वर करून मतं मोजायची. माझा भाचा एकोणीस वर्षांचा आहे, यंदा पहिल्यांदाच बोलायला उभा राहणार आहे. रविवारी सकाळी पोहे-जलेबी खाता खाता तो म्हणाला, "मावशी, यात चर्चा करण्यासारखं आहे काय? सगळ्यांकडे आधार आहेच. खिशात ठेवलं तर काय बिघडलं? ज्याला लपवायचं काही नाही, त्याला दाखवायला कसली भीती?"

मी तीस वर्षं इंदूरच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं, तरी त्याला एका वाक्यात उत्तर देता आलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. त्याच्यासारखंच ज्यांचं अजून ठरलेलं नाही, त्यांच्यासाठी दोन्ही बाजू शेजारी शेजारी ठेवते. मला काय वाटतं तेही जागोजागी सांगेन.

तीन सक्ती, तीन वेगळे प्रश्न

ओळखपत्र असणं, ते बाळगणं आणि मागितल्यावर ते दाखवणं या तीन निरनिराळ्या सक्ती आहेत. चर्चेत माणसं एकीबद्दल बोलतात आणि उत्तर दुसरीचं देतात. जगातल्या देशांनी या तिन्हींची जुळवणी आपापल्या परीने केली आहे.

जर्मनीत १६ वर्षांवरच्या प्रत्येक नागरिकाकडे ओळखपत्र किंवा पासपोर्ट असायलाच हवा. पण तो कपाटात ठेवून तुम्ही भाजी आणायला गेलात तर तो गुन्हा नाही. बेल्जियममध्ये १५ वर्षं पूर्ण झाली की कार्ड कायम जवळ हवं. हाँगकाँगमध्ये १९८० पासून तसाच नियम आहे. नेदरलँड्सने २००५ पासून 'दाखवण्या'ची सक्ती आणली: १४ वर्षांवरच्या माणसाला अधिकाऱ्याने मागितल्यावर ओळखपत्र दाखवता आलं पाहिजे. कायद्याच्या भाषेत ही बाळगण्याची सक्ती नव्हे, पण रस्त्यात उभं राहून दाखवायचं तर ते खिशात असावंच लागतं. फ्रान्समध्ये कार्ड घेणंच ऐच्छिक आहे. पोलिसाने विचारलं तर ओळख कोणत्याही मार्गाने पटवता येते, पण पटली नाही तर पडताळणीसाठी चार तासांपर्यंत थांबवून ठेवता येतं. ब्रिटन आणि डेन्मार्कमध्ये असं राष्ट्रीय कार्डच नाही.

यादीतले बहुतेक देश लोकशाहीच आहेत. तेव्हा 'सक्ती म्हणजे हुकूमशाही' किंवा 'सक्ती नाही म्हणजे अनागोंदी' असं कोणी म्हणालं तर त्याला जर्मनी आणि बेल्जियम शेजारी शेजारी दाखवावेत.

आज आपल्याकडे काय आहे

भाच्याचं पहिलं वाक्य, 'सगळ्यांकडे आधार आहेच', आधी तपासायला हवं. आधार हे नागरिकाचं ओळखपत्र नाही. २०१६ च्या आधार कायद्याच्या कलम ९ मध्ये स्पष्ट लिहिलंय की आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही. अर्ज करण्यापूर्वीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेल्या कोणालाही तो मिळू शकतो. आपल्या शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० रोजी पहिला आधार क्रमांक दिला गेला, तो रहिवासी म्हणून.

नागरिकांच्या कार्डाची तरतूद दुसरीकडे आहे. कारगिल युद्धानंतर नेमलेल्या समितीने सीमाभागात ओळखपत्रं द्यावीत असं सुचवलं. २००३ च्या दुरुस्तीने नागरिकत्व कायद्यात कलम १४ अ आलं. केंद्र सरकार प्रत्येक नागरिकाची सक्तीने नोंदणी करून राष्ट्रीय ओळखपत्र देऊ शकेल, असं ते म्हणतं. बहुउद्देशीय ओळखपत्राचा प्रायोगिक प्रकल्पही काही राज्यांत झाला, देशभर मात्र ते कार्ड आलं नाही. म्हणजे कायद्याचा दरवाजा उघडा आहे, आत अजून कोणी गेलेलं नाही. चर्चेचा विषय त्यामुळेच काल्पनिक नाही.

बाळगण्याचं काय? राजवाड्यासमोर पायी फिरणाऱ्या माणसाने ओळखपत्र जवळ ठेवलंच पाहिजे असा सर्वसाधारण कायदा आज भारतात नाही. गाडी चालवत असाल तर लायसन्स लागतं, तेही २०१८ पासून डिजिलॉकरमधलं चालतं. आरक्षित डब्यातून मुंबईला जायचं तर तिकिटावरच्या एकाने तरी ओळखपत्र दाखवायचं. विमानतळावर तर दारातच. पण हे सगळं त्या त्या कामापुरतं आहे.

आणि तरीही, ऐच्छिक म्हणवलेली गोष्ट हळूहळू अनिवार्य कशी होते तेही आपण पाहतो आहोत. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने आधार कायदा बहुतांशी वैध ठरवला. बँक खातं आणि मोबाइलला आधार जोडण्याची सक्ती रद्द केली, पॅन जोडणी कायम ठेवली. शाळाप्रवेशालाही आधार अनिवार्य करता येणार नाही असं सांगितलं. त्यानंतरही हॉटेलच्या काउंटरपासून भाड्याच्या खोलीपर्यंत सगळीकडे पहिला प्रश्न 'आधार है क्या?' हाच असतो. जुलै २०२५ पासून रेल्वेचं ऑनलाइन तत्काळ तिकीटही आधार पडताळणीशिवाय निघत नाही. आमच्या मध्य प्रदेशात तर 'समग्र आयडी' हा आणखी एक क्रमांक घराघरात आहे, कुटुंबाचा वेगळा आणि माणसाचा वेगळा. म्हणून काही जण म्हणतात, की सक्ती आलेलीच आहे, तर ती उघडपणे एका कायद्यात लिहा, म्हणजे हद्द तरी ठरेल. या म्हणण्यात मला तथ्य वाटतं. अलिखित सक्तीविरुद्ध दाद कुठे मागायची हेच सामान्य माणसाला कळत नाही.

रस्त्यात हटकलं तर

खरी तुलना इथे आहे, म्हणून इथे जरा थांबते.

रात्री दीडचा सुमार. सराफ्यातली खाण्याची दुकानं आवरताहेत. भाचा मित्रांबरोबर भुट्ट्याचा कीस खाऊन स्कूटरवरून घरी निघालाय. त्याच वेळी एका ठेल्यावर दिवसभर भांडी घासून मोकळा झालेला, त्याच्याच वयाचा एक मुलगा पायी आपल्या खोलीकडे चाललाय. चौकात चेकिंग सुरू आहे.

आजच्या कायद्यात पोलीस पायी जाणाऱ्याला नाव विचारू शकतो, पण कार्ड नाही एवढ्यावरून त्याला अटक करू शकत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९ नुसार, पोलिसासमोर अदखलपात्र गुन्हा करणारा किंवा तसा आरोप असलेला माणूस नाव-पत्ता सांगायला नकार देत असेल, किंवा खोटं सांगतोय असं वाटत असेल, तर त्याला ताब्यात घेता येतं. खरं नाव-पत्ता कळला की जातमुचलका घेऊन सोडावं लागतं. म्हणजे आधी काहीतरी घडलेलं असावं लागतं.

बाळगण्याची सक्ती आली की क्रम उलटा होतो. काही घडायची गरज उरत नाही, कार्ड जवळ नसणं हीच घटना ठरते.

सक्तीच्या बाजूने इथे एक चांगला मुद्दा आहे आणि तो भाच्याने जरूर मांडावा. आज त्या ठेल्यावरच्या मुलाकडे काही नसेल तर त्याची सुटका पोलिसाच्या मर्जीवर आहे. 'कुठला? कोणाकडे काम करतोस? मालकाला फोन लाव.' दीड वाजता मालक फोन उचलत नाही. खिशात सरकारने दिलेलं, सहज तपासता येणारं कार्ड असेल तर दोन मिनिटांत विषय संपतो. ज्याच्या अंगावर चांगले कपडे नाहीत, ज्याला वजनदार ओळख नाही, त्याला कार्डाचा आधार जास्त. माझ्याकडे पोळ्यांना येणाऱ्या ताई झाबुआकडच्या आहेत. त्यांच्या स्वतःच्या नावाचा पहिला कागद म्हणजे आधार. त्यावर बँकेत खातं उघडलं, आणि पहिल्यांदा त्यांची कमाई नवऱ्याच्या हातात न जाता त्यांच्या नावावर जमा झाली. ओळखपत्राला नावं ठेवणाऱ्या शिकलेल्या माणसांना हे बऱ्याचदा दिसत नाही.

पण मग प्रश्न येतो, हटकलं कोणाला जातं? फ्रान्समध्ये नागरिकांच्या हक्कांसाठी नेमलेल्या सरकारी संस्थेने २०१७ मध्ये पाहणी प्रसिद्ध केली. अरब किंवा कृष्णवर्णीय दिसणाऱ्या तरुणांना ओळख विचारली जाण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे २० पट जास्त निघाली. नियम सर्वांना एकच होता, चेहरे पाहून वापरला गेला. आपल्या चौकात चेहऱ्याऐवजी कपडे, बोली, दाढी, पायातली चप्पल पाहिली जाईल. स्कूटरवरच्या भाच्याला वर्षातून एकदा विचारतील, ठेल्यावरच्या मुलाला आठवड्यातून तीनदा. ज्या दिवशी त्याचं कार्ड दुसऱ्या शर्टात राहिलं असेल, त्या दिवशी तो गुन्हेगार.

'लपवायचं काही नाही' याला माझं उत्तर इथेच आहे. त्या मुलालाही काही लपवायचं नाही. तो फक्त विसरला.

ब्रिटनला हा अनुभव अगदी जवळून आला. १९३९ मध्ये युद्धामुळे तिथे सर्वांना ओळखपत्रं दिली गेली. कारणं तीनच होती: सैन्यभरती, सुरक्षा आणि रेशन. युद्ध संपलं तरी कार्डं राहिली, आणि १९५० पर्यंत ती मागण्याची सरकारी कारणं ३९ झाली होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लंडनजवळ क्लॅरेन्स विलकॉक या मोटारचालकाने पोलिसाला कार्ड दाखवायला नकार दिला. खटला वरिष्ठ न्यायालयात गेला. कायद्याने तो दोषीच होता, पण त्याला शिक्षा झाली नाही. सरन्यायाधीश गॉडर्ड यांनी सुनावलं, की युद्धासाठी केलेला कायदा शांततेच्या काळात असा सरसकट वापरला तर कायदा पाळणारी माणसं कायदा मोडणारी ठरतात आणि पोलिसांविषयी लोकांच्या मनात कटुता येते. फेब्रुवारी १९५२ मध्ये ती कार्डं बंद झाली. पुढे २००६ मध्ये ब्रिटनने पुन्हा ओळखपत्र कायदा केला, २०१० मध्ये तो रद्द केला आणि जमवलेली माहिती नष्ट करून टाकली.

गांधीजींनी ठसे दिले आणि दाखले जाळलेही

नागरिकशास्त्राच्या तासाला मुलांना मी हा प्रसंग नेहमी सांगत असे, कारण सक्ती आणि ऐच्छिक यांतला फरक इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे कुठे दिसत नाही.

दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालमध्ये भारतीयांनी बोटांचे ठसे देऊन नोंदणी करायची, दाखला जवळ ठेवायचा आणि पोलिसाने मागितल्यावर दाखवायचा असा कायदा येऊ घातला होता. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या सभेत भारतीयांनी तो न मानण्याची शपथ घेतली. सत्याग्रहाची सुरुवात तिथली. जानेवारी १९०८ मध्ये तिथल्या सरकारमधले मंत्री जनरल स्मट्स यांच्याशी तडजोड झाली, की भारतीय स्वेच्छेने नोंदणी करतील आणि सरकार तो कायदा मागे घेईल. गांधीजींनी हे मान्य केलं आणि आपणहून ठसे द्यायला निघाले. त्यासाठी आपल्याच माणसाच्या हातचा मार खाल्ला, पण शब्द फिरवला नाही. सरकारने कायदा मागे घेतला नाही, तेव्हा १६ ऑगस्ट १९०८ रोजी हमीदिया मशिदीच्या आवारात दोन हजारांहून अधिक दाखले मोठ्या कढईत जाळले.

ठसे तेच, दाखला तोच. समजुतीने आणि परस्पर विश्वासाने दिला तर गांधीजींची हरकत नव्हती. 'तू इथला असलास तरी संशयित आहेस, सिद्ध कर' या भूमिकेतून मागितला, तेव्हा त्यांनी तो आगीत टाकला. त्याच देशात कृष्णवर्णीयांवरही पास, म्हणजे ओळख-परवाना, बाळगण्याची सक्ती होती. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिलमध्ये त्या पासविरोधात जमलेल्या लोकांवर गोळीबार होऊन ६९ माणसं मेली. पासचे कायदे १९८६ पर्यंत टिकले.

कार्डावर काय छापलंय, यालाही महत्त्व आहे. रवांडात बेल्जियन राजवटीने १९३० च्या दशकात ओळखपत्रावर वंश लिहायला सुरुवात केली. १९९४ च्या नरसंहारात रस्त्यावरच्या नाक्यांवर तीच ओळ वाचून माणसं वेगळी काढली गेली. आपल्याकडे एक गोष्ट चांगली आहे: आधार कायद्याने धर्म, जात, जमात, भाषा, उत्पन्न यांची नोंद करायला मनाई केली आहे. पुढे नागरिकांचं राष्ट्रीय कार्ड आलंच, तर ही मनाई त्यातही जशीच्या तशी हवी, यावर कोणत्याही बाजूच्या माणसाने तडजोड करू नये.

अतिरेकी पकडले जातील का

सक्तीसाठी दिलं जाणारं हे सर्वात लोकप्रिय कारण, आणि माझ्या मते सर्वात कच्चं. स्पेनमध्ये १४ वर्षांवरच्या सर्वांना ओळखपत्र अनिवार्य होतं, तरी मार्च २००४ मध्ये माद्रिदच्या रेल्वेगाड्यांत स्फोट झाले. मुंबईवर २६ नोव्हेंबर २००८ ला हल्ला करणाऱ्यांच्या खिशात ओळखपत्रं होती, हैदराबादच्या एका कॉलेजची, खोटी. कट करणारा माणूस कार्ड बाळगायला कधीच विसरत नाही.

गुन्ह्याच्या तपासात, एकाच माणसाने दोन नावांनी खाती उघडणं रोखण्यात, करचुकवेगिरी पकडण्यात ओळख क्रमांकाचा उपयोग होतो, हे खरं. पण ते सगळं क्रमांक 'असण्या'ने साधतं. त्यासाठी कोणाला तो घेऊन फिरावं लागत नाही.

हरवलेला माणूस

आता सक्तीच्या बाजूचं असं कारण, जे मला आतून हलवतं.

तीन वर्षांपूर्वीच्या रंगपंचमीला आमच्या शेजारचे आजोबा गेर, म्हणजे रंगपंचमीची रंगांची मिरवणूक, पाहायला गेले आणि गर्दीत नातवाचा हात सुटला. त्यांना विस्मरणाचा आजार आहे. इंदूरची गेर ज्यांनी पाहिली आहे त्यांना कळेल: राजवाड्याच्या परिसरात मुंगीला वाट नसते, रंगाच्या तोफा, सगळे चेहरे एकाच रंगाचे. साडेचार तास आजोबांचा पत्ता नव्हता. सापडले ते थेट मल्हारगंजकडे एका ओट्यावर बसलेले. तिथल्या दुकानदाराने त्यांच्या सदऱ्याच्या खिशातली चिठ्ठी वाचून फोन केला. सुनेने प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेली चिठ्ठी: नाव, दोन फोन नंबर, रक्तगट, औषधं.

रस्त्यावर अपघात झाला, माणूस बेशुद्ध आहे, तेव्हा खिशातलं कार्ड जीव वाचवू शकतं. ओळख न पटलेले मृतदेह रुग्णालयांच्या शवागारात पडून राहतात आणि तिकडे घरचे वाट पाहत असतात. सर्वांच्या खिशात कार्ड असतं तर यातलं बरंच दुःख टळलं असतं, हे मान्य करायलाच हवं.

पण त्या दिवशी आजोबांना घरी आणणारी चिठ्ठी सुनेच्या काळजीने लिहिलेली होती. आणि तिच्यावर होता फोन नंबर, जो सरकारी कार्डावर छापलेला असेलच असं नाही. या कारणासाठी बाळगण्याचा सल्ला द्यावा, प्रचार करावा, शाळेत शिकवावं. दंड कशाला?

यंत्र 'नाही' म्हणतं तेव्हा

कार्ड आणि त्यामागचा क्रमांक यांच्यात फरक आहे. कार्ड पाहून माणूस निर्णय घेतो. क्रमांक यंत्राला विचारला जातो आणि निर्णय यंत्र देतं.

माझी आई ८४ वर्षांची, निवृत्त शिक्षिका. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला मी तिला एका बँकेच्या शाखेत घेऊन गेले. अंगठा लागेना. दहाही बोटं करून पाहिली, ओल्या फडक्याने पुसून पाहिली. समोरचा माणूस तिला वीस वर्षं ओळखत होता, तिने त्याच्या मुलीला शिकवलं होतं. तो म्हणाला, "ताई, मला दिसताय हो तुम्ही, पण यंत्र घेत नाही." आई घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. नंतर मोबाइलवर चेहरा दाखवून ते काम झालं, आता दरवर्षी तसंच करतो. पण ज्यांच्या घरी तसा फोन नाही, तो चालवणारं माणूस नाही, त्यांचं काय?

पोळ्यांच्या ताईंचीही हीच कथा राशनच्या दुकानात. भांडी घासून बोटांच्या रेषा पुसट झाल्यात. पर्ची हातात, कार्ड हातात, आणि धान्य नाही; उद्या या. एक खेप म्हणजे एका घरचं काम बुडतं. झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात २०१७ मध्ये अकरा वर्षांची एक मुलगी गेली. आधार न जोडल्यामुळे घरचं रेशनकार्ड रद्द झालं होतं. ती भुकेने गेली असं घरच्यांनी सांगितलं, प्रशासनाने मलेरिया म्हटलं. कारण काहीही असो, त्या घरात रेशन येत नव्हतं. आधार कायद्याच्या कलम ७ मध्ये, आधार क्रमांक मिळालेला नसेल तर दुसऱ्या मार्गाने लाभ द्यावा असं आहे, आणि ठसे जुळले नाहीत म्हणून कोणाचा हक्क बुडू नये हे २०१८ च्या निकालातही आलं. दुकानाच्या काउंटरवर कायद्याचं पुस्तक कोणी उघडत नाही.

तंत्राच्या दृष्टीने पाहिलं तर खिशातलं कार्ड इथे उजवं ठरतं. आधारच्या कागदावरचा क्यूआर कोड सरकारची डिजिटल सही घेऊन आलेला असतो, इंटरनेटशिवायही तो खरा-खोटा तपासता येतो. एस्टोनियाने २००२ पासून चिपचं कार्ड दिलं. अर्थात २०१७ मध्ये तिथल्या सुमारे साडेसात लाख कार्डांच्या चिपमध्ये दोष सापडला आणि ती सगळी अद्ययावत करावी लागली. निर्दोष असं काहीच नाही, म्हणून दुसरा मार्ग कायम उघडा हवा.

नावातला ळ

हा मुद्दा आपल्या इंदूरच्या मराठी घरांचा आहे. समजा आडनाव काळे. मध्य प्रदेशातले कागद हिंदीत, तिथे ते 'काले' होतं. पुण्याला जन्मलेल्या सुनेच्या दाखल्यावर 'काळे' राहतं. त्यात आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं. माझ्या स्वतःच्या कागदांवर माझी तीन नावं आहेत: मॅट्रिकच्या सर्टिफिकेटवर माहेरचं, नोकरीच्या पुस्तकात सासरचं, आणि मतदार यादीत ळ गळालेलं. पेन्शन सुरू करताना शपथपत्रं करून करून मी थकले. आणि मी शिकलेली, शहरातली, हिंदी-मराठी दोन्ही लिहिता येणारी बाई.

'असण्या'ची सक्ती करताना सरकारने हे ध्यानात घेतलं पाहिजे. आसाममध्ये नागरिक नोंदवहीची अंतिम यादी ३१ ऑगस्ट २०१९ रोजी लागली, तिच्यात १९ लाखांहून अधिक माणसं आली नाहीत. कागद जमवायचं ओझं माणसावर टाकलं की एका अक्षराने माणूस बाहेर राहू शकतो. ओझं सरकारवर असेल, म्हणजे घरी येऊन नोंद करायची, चूक फुकट दुरुस्त करायची, तक्रारीचा निकाल ठरलेल्या दिवसांत द्यायचा, तर तीच सक्ती सेवा वाटेल.

मग हात वर करायचा का

सुरक्षेसाठी करणार असाल, तर वरचे माद्रिद आणि मुंबईचे दाखले पुन्हा वाचा. अपघात किंवा वृद्धांच्या काळजीपोटी करणार असाल, तर दंड नसलेली सवय पुरते. गरिबाला ओळख मिळावी म्हणून करणार असाल, तर तुम्हाला हवी आहे ती 'असण्या'ची हमी. जर्मनीचा मार्ग त्याच्या जवळ जातो, बेल्जियमचा नव्हे. आणि आजची अलिखित सक्ती खुपत असेल, तर मागणी अशी करा की कोण, कधी, कशासाठी ओळख मागू शकतो आणि नाही म्हटलं तर काय होईल, हे एका कायद्यात लिहा.

मी स्वतः असण्याच्या बाजूने हात वर करेन, वरच्या अटींसह. दाखवण्याच्या बाजूने, ठरावीक कामापुरता आणि पर्याय असेल तरच. बाळगण्याच्या सक्तीला माझा हात खालीच राहील. ठेल्यावरच्या मुलाचा एक विसरलेला शर्ट हे त्याचं कारण.

भाच्याला हे सगळं वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "पण मावशी, मी खिशात काय ठेवू?" त्याला सांगितलं, लायसन्स डिजिलॉकरमध्ये ठेव. आधारची झेरॉक्स कुठे द्यावीच लागली तर फक्त शेवटचे चार अंक दिसणारी मास्क केलेली प्रत दे. आणि एका कागदावर घरचे दोन नंबर नि रक्तगट लिहून पाकिटात ठेव. तो कागद त्याने तिथेच बसून लिहिला, आणि दुसरा एक लिहून माझ्या पर्समध्ये सरकवला.